शंभर नंबरचा सीन

“‘तर मग’ कशाला?” चौबळसरांची लाल पेन्सिल माझ्या कागदावर टेकली. “एकट्या ‘तर’ला झेपत नाही का?”

मी ‘मग’ खोडला.

“आणि ही बाई नवऱ्याला ‘अहो, ऐकलंत का’ म्हणते. तो तिच्यापासून दीड हातावर उभा आहे. ऐकणार नाही तर जाईल कुठे? काढा.”

मी तेही काढलं. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत माझ्या बत्तीस ओळींतल्या एकोणीस उरल्या होत्या आणि समासात एकही ‘ह’ पडला नव्हता. एखाद्या ओळीवर खूश झाले की सर समासात बारीकसा ‘ह’ काढत. हशाचा ह. तोंडाने मात्र ते हसत नसत. हसण्याचं काम आपण प्रेक्षकांकडे दिलेलं आहे, त्यांच्या कामात आपण हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं.

“रसाळबाई,” पेन्सिल कानावर खोचत ते म्हणाले, “जरा आडनावाला जागा.”

हा विनोद ते आठवड्यातून तीनदा करत. बाहेर वर्तमानपत्रं त्यांना महाराष्ट्राला हसवणारा माणूस म्हणत होती, आणि माझ्या वाट्याला हा एकच विनोद येत होता.

ही गोष्ट दोन हजार तीनच्या मार्चमधली. घोडबंदर रोडला एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या शेडमध्ये ‘शेजारची वाटी’चा सेट होता. एक जिना, एक ओसरीवजा मोकळी जागा आणि समोरासमोर दोन दारं. एका दारामागे पाच माणसांचं कुटुंब, दुसऱ्यामागे एकटे अण्णा गोठोस्कर. अण्णांची स्टीलची वाटी समोर जायची, आणि आपल्यात कोणाची वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून काहीतरी घालून परत यायची. जे घालून यायचं त्यावरून घोटाळा. कधी लोणचं, कधी चिवडा, एकदा चुकून सुनेची अंगठी. एवढ्याशा भांडवलावर मोरेश्वर चौबळांनी दोनशे सत्त्याण्णव भाग उभे केले होते. टायटल्समध्ये ‘संकल्पना, लेखन : मोरेश्वर चौबळ’ हे शब्द वाटीच्या वाफेतून वर येत.

माझं नाव वाफेतून येत नव्हतं. ते येतच नव्हतं. दोन वर्षं मी सरांची सहायक होते. कच्चे संवाद माझे, पक्के त्यांचे. फलटणला माझी आई शेजारणींना सांगून बसली होती की आमची वर्षाच लिहिते ती मालिका. शेजारणी भल्या. त्या रोज न चुकता टायटल्स संपेपर्यंत टीव्हीसमोर बसत, आणि दुसऱ्या दिवशी नळावर आईला विचारत, वर्षाताईचं नाव आजही फार पटकन गेलं का हो?

सरांची लिहिण्याची रीत निराळी होती. त्यांच्याकडे एक लांबट वही होती आणि तिच्यात विनोदांना नंबर दिलेले होते. सात नंबर म्हणजे दाराआडून ऐकलं आणि उलटंच समजलं. एकोणीस म्हणजे शहाण्याची वेड्याकडून फजिती. एकतीस म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय तो मागेच उभा. असे त्र्याण्णव नंबर होते. भागाची वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं त्याचा एका ओळीचा आराखडा, ते लिहून द्यायचे तेव्हा सीनपुढे नुसते आकडे असायचे. ‘सीन तीन : सून, अण्णा. ७, मग १९.’ एवढ्यावरून मी चार पानं लिहायची. नवीन माणसाला तो मटक्याचा कागद वाटला असता. ही नंबराची सवय सरांना कुठून लागली, ते मी कधी विचारलं नव्हतं. सर विचारलेल्या प्रश्नाचेही शब्द मोजत.

सोमवारी त्यांनी तीनशेव्या भागाची वनलाइन माझ्या टेबलावर टाकली आणि चॅनलच्या मीटिंगला निघून गेले. तीनशेवा भाग म्हणजे मोठा सोहळा, तासाभराचा. मी आकडे वाचत खाली आले. शेवटचा सीन : ‘अण्णांचं दार. समोरचे सगळे. १००.’

मी वही काढून पाहिली. त्र्याण्णवपुढे कोरं पान.

मला काय वाटलं ते सांगते, आजवर कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सर शंभर नंबरी म्हणतायत. शंभर नंबरी सोनं असतं तसा सीन. तीनशेवा भाग, शेवट झळाळता पाहिजे, आणि यावेळी वहीतलं काही नको, रसाळबाई, तुमचं तुम्ही लिहा. दोन वर्षांनी माणसाने आपल्यावर विश्वास टाकला म्हणून मी कागद घेऊन सरळ मेकअपरूममध्ये गेले, ज्यांच्यासाठी तो सीन लिहायचा होता त्यांना ही खुशखबर द्यायला.

भालचंद्र नाबर आरशासमोर बसून अण्णांच्या मिशा लावत होते. त्यांना सगळे भालूकाका म्हणत. वय त्रेसष्ट, मूळचे वेंगुर्ल्याचे, आवाज फाटका आणि टायमिंग असं की रिकामी वाटी उलटी करून दाखवली तरी प्रेक्षक हसायचे. सर आणि ते जुने मित्र. सेटवर सरांना ‘मोऱ्या’ म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

मी म्हटलं, “काका, सरांनी तुमच्यासाठी शंभर नंबरी सीन मागितलाय. हे बघा.”

काकांनी कागद हातात घेतला. डाव्या बाजूची मिशी लागली होती, उजवी हातात होती. त्यांनी शेवटची ओळ वाचली, परत वाचली, आणि उजवी मिशी काळजीपूर्वक डबीत ठेवून दिली.

“हे मोऱ्याच्या हातचं अक्षर?”

“हो. का?”

“अक्षर सुधारलंय,” ते म्हणाले. “तार ऑफिसात त्याचा शून्य सहासारखा यायचा.”

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. सर आणि ते दोघं चौदा वर्षं तार खात्यात शेजारशेजारच्या खिडक्यांवर होते. तिथे नेहमीच्या मजकुरांना नंबर ठरलेले असत. दिवाळीचा एक, लग्नाचा एक, परीक्षेत पास झाल्याचा एक. गिऱ्हाइकाने नुसता नंबर सांगायचा, तारेतून नुसता नंबर जायचा, आणि पलीकडच्या गावातला कारकून त्याचं अख्खं वाक्य करून घरी पोचवायचा. आनंदाचे कितीतरी नंबर होते. दुःखाचा एकच पुरायचा.

“शंभर,” काका म्हणाले. “आपल्या दुःखात सहभागी आहोत.”

मी कागदाकडे पाहिलं. ‘अण्णांचं दार. समोरचे सगळे. १००.’ आता ते वाचायला वही लागत नव्हती.

काकांना माझी दया आली असावी. ते म्हणाले की चूक त्यांचीच. मागच्या आठवड्यात त्यांनी सरांपाशी शब्द टाकला होता : तीनशेव्या भागाला टायटल्समध्ये ‘संकल्पना’च्या खाली माझं नाव घाल. बाजूला नको, खालीच, बारीक अक्षरात. कारण ती वाटी दोघांची होती. दोघं टपाल-तार खात्याच्या क्वार्टर्समध्ये समोरासमोर राहत, दोघांच्या आयांची एक वाटी इकडून तिकडे फिरे, आणि त्यावर ते दोघं ऑफिसच्या स्नेहसंमेलनात एक धमाल प्रवेश करत.

“प्रवेश कोणाला सुचला होता?” मी विचारलं.

“ते आता देवाला माहीत. आणि देवाचंही नाव टायटल्समध्ये नाही.”

बाहेर कोणीतरी लाइट हलवत होतं. मग अर्ध्या मिशीनिशी ते माझ्याकडे वळले. त्यांना विनवणी करायची सवय नव्हती, हे दिसत होतं. चुकीच्या जागी श्वास घेत होते.

“बाय, ऐक. नाव गेलं खड्ड्यात. मालिकेतून काढतोय, काढू दे. पण मारू नकोस. गावाला पाठव.”

“त्याने काय फरक पडतो, काका?”

“मेलेला परत येत नाही. गावाला गेलेला कधीही उगवतो, एसटीने. आणि दुसरं असं की मला कोण नाबर म्हणून बोलावतं? गणपतीत, सत्यनारायणाला, शाळेच्या बक्षीस समारंभाला, दुकानाच्या उद्‌घाटनाला, सगळीकडे अण्णा गोठोस्कर जातो. मी नुसता त्याच्याबरोबर असतो. त्याच्यावर माझं घर चाललंय. मेलेल्या अण्णाला गणपतीच्या स्टेजवर कोण चढवील?”

मी म्हटलं, मी लिहिते काका. गावालाच पाठवते.

“तुझ्या हातात आहे का ते?”

“लिहायचं तर मलाच आहे.”

त्यांनी मान डोलावली, डबीतली मिशी काढली आणि लावली. पाच मिनिटांनी ते फ्लोअरवर गेले आणि त्यांनी एकतीस नंबर असा काही केला की कॅमेरामनला कॅमेरा सोडून बाजूला व्हावं लागलं.

दोन दिवस मी लिहीत होते. एक सीन लिहिला सरांच्या आकड्याबरहुकूम. सकाळी अण्णांच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली, समोरची सून वाटी घेऊन दार वाजवते, दार उघडत नाही. पुढच्या शॉटला भिंतीवर फोटो, फोटोला हार. आमच्या धंद्यात नट नकोसा झाला की त्याच्या फोटोला हार घालतात. खर्चही कमी, आणि नट पुढे भांडायलाही येत नाही. सीन वाईट नव्हता. माझं काम चोख होतं, एवढं म्हणेन.

दुसरा लिहिला काकांसाठी. अण्णा मुलीकडे वेंगुर्ल्याला निघालेत. हातात वळकटी, पायात नवी चप्पल, ती चावतेय. समोरचे पाचही जण त्यांना गाडीत खायला काही ना काही देतायत, आणि अण्णांना ते सगळं त्या एकाच वाटीत मावत नाही. शेवटी ते सगळं परत करतात आणि रिकामी वाटी सुनेच्या हातात देतात. म्हणतात, “हिला भरू नका. मी मागायला आलो की भरा.” बस. तो लिहिताना मला सर आठवले नाहीत, पेन्सिल आठवली नाही. लिहिण्याचा तसा दिवस माणसाला मोजून चारपाचदा मिळतो. मला पहिल्यांदा मिळाला तो त्या दिवशी.

गुरुवारी दुपारी सर कारखान्याच्या जुन्या टाइमकीपरच्या खोलीत डबा खात होते. तेच त्यांचं ऑफिस. मी दोन्ही सीन पुढे ठेवले. काकांशी झालेलं बोलणं मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते खाता खाता वाचू लागले. हाराचा सीन वाचला, दोन शब्द खोडले, बाजूला ठेवला. गावचा घेतला. पहिल्या पानावर एक ह पडला. मग आणखी एक. चपलेला एक. पाच झाले. शेवटच्या ओळीला पेन्सिल टेकली आणि तशीच राहिली. मग त्यांनी ती कानावर ठेवली.

“हा चांगला आहे,” ते म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी असं म्हटलेलं नव्हतं. मला वाटलं, झालं काम. काका वाचले.

“मग हाच करू या, सर?”

“मला चालेल.”

“पण तुम्ही तर शंभर...”

“सोमवारी लिहिलं ते. सोमवारी राग होता.” त्यांनी बोटाने भाताची शितं गोळा केली. “आज गुरुवार आहे. चॅनलला म्हातारा नकोय एवढंच. गेला कुठे, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. वर गेला काय, वेंगुर्ल्याला गेला काय.”

मी कागदाला हात घातला. त्यांनी डब्याचं झाकण त्यावर ठेवलं.

“बसा. पुढचं समजून घ्या. गावाला गेलेला माणूस परत येतो. दोन महिन्यांत लोक पत्रं टाकतील, अण्णांना आणा. आणावं लागेल. आणि अण्णा मला सोडून कोणाला लिहिता येत नाही.”

“हा मीच लिहिलाय.”

“एक लिहिलात. एक कोणीही लिहितं. तो परत आला की मालिका आहे तशी चालेल. मी लिहीन, तुम्ही मदत कराल.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते, खिडकीवर बसून तार घेताना गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत तसे. “मेला, तर त्याचं घर रिकामं. तिथे नवं बिऱ्हाड येईल. नवरा-बायको, तरुण, चॅनलला हवं तसलं. ते मला जमणार नाही, मी चॅनलला सांगून आलोय. ते बिऱ्हाड तुमचं. तीनशे एकपासून संवाद वर्षा रसाळ. टायटल्समध्ये स्वतंत्र फ्रेम.”

“तुम्हीच ठरवा ना, सर.”

“मी ठरवलेलं सोमवारी कागदावर लिहिलं. लिहिलेलं मी खोडत नाही. दुसऱ्याने खोडलं तर माझी हरकत नाही.” ते उठले, डब्याची पुडं एकात एक बसवली. “मी डबा धुऊन येतो. एक कागद टेबलावर ठेवा. दुसरा टोपलीत टाका.”

नळ खोलीच्या मागेच होता. पाण्याचा आवाज येत होता. सर डबा फार स्वच्छ धूत, एकेक पुड वेगवेगळं, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला. घाईत झालं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. मी एकोणतीस वर्षांची होते. मला फलटणचा नळही आठवला, तिथे उभी असलेली आईही आठवली. काकांना आणखी कुठेतरी काम मिळेल, हे मी स्वतःला सांगितलं. नट काय, आज इथे उद्या तिथे. आणि तसंही चॅनलला म्हातारा नकोच आहे. चार कारणं झाली. माणसाला एवढी पुरतात.

सर परत आले तेव्हा टेबलावर हाराचा सीन होता. त्यांनी तो उचलला, वरची तारीख बघितली, आणि पंख्याखाली डबा वाळत ठेवला. शाबास म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. आणि शिवी दिली असती तरीही.

काकांनी सांगितलेलं सगळं पुढे तसंच झालं, ते इथेच सांगून टाकते. त्या वर्षी गणपतीत त्यांना एकाही मंडळाने बोलावलं नाही. वेंगुर्ल्याला एका वाचनालयाने अण्णांची शोकसभा भरवली आणि तिचा फोटो त्यांच्याच पत्त्यावर पाठवला. बाजारात लोक त्यांना हटकून बघत आणि म्हणत, अगदी त्यांच्यासारखे दिसता हो. ते पुढे नऊ वर्षं जगले. ‘शेजारची वाटी’ आणखी चार वर्षं चालली. सरांनी त्यानंतर दोन मालिका काढल्या, एक तेवीस भाग चालली, दुसरी अकरा. तेव्हा माझी स्वतःची पहिली मालिका जोरात होती आणि तिच्या टायटल्समध्ये ‘संकल्पना’पुढे माझं एकटीचं नाव होतं. सर वारले तेव्हा श्रद्धांजलीचे शब्द वर्तमानपत्रांनी माझ्याकडे मागितले. मी दिले. मोजून.

शनिवारी तीनशेव्या भागाचं शूटिंग होतं. गुरुवार दुपारपासून मी काकांच्या वाटेला गेले नव्हते. ते दिसले की मला कुठेतरी फोन करायचा असायचा. शनिवारी त्यांना खरं तर काम नव्हतं. मेलेल्याला कॉल टाइम नसतो. पण सेटवरची प्रॉपर्टी, म्हणजे सामानसुमान, सांभाळणाऱ्या सिराजभाईंकडे अण्णांचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांत त्यांच्या हातात वाटी होती, आणि हार घातलेल्या माणसाच्या हातात वाटी बरी दिसेना. म्हणून साधा फोटो काढायला त्यांना बोलावलं. सकाळी ते आणि सर एकाच रिक्षातून उतरले. सरांनी पैसे दिले, काकांनी सुटे परत घेतले. दोघांनी एका बाकावर बसून चहा घेतला. लांबून पाहणाऱ्याला काही झालंय असं वाटलं नसतं.

दुपारपर्यंत फोटो छापून, मोठा करून, फ्रेम होऊन आला. सिराजभाईंनी अण्णांच्या घरात तो टांगला आणि चंदनाचा हार घातला. काका जायला मोकळे होते, पण ते कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून बसले आणि स्वतःच्या फोटोसमोर समोरचं कुटुंब रडताना बघत राहिले. एकदा त्यांनी सुनेचं काम करणाऱ्या मुलीला मधेच सांगितलं की पदर डोळ्याला उशिरा लाव, आधी फोटोची धूळ पूस; हसू येतं त्याने, आणि हसू आलं की मग रडू येतं. तिने तसं केलं. शॉट फार चांगला झाला. माझ्या सीनमधली ती सगळ्यात चांगली जागा होती आणि ती मी लिहिलेली नव्हती.

शॉट ओके झाल्यावर लाइट बंद करायला लागले तेव्हा सिराजभाई आडवे आले. म्हणाले, थांबा, भालूकाकांचा हसता शॉट राहिलाय.

ही आमच्याकडची पद्धत आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला किंवा नटाने मेल्याचं काम केलं, की त्याच कॅमेऱ्यासमोर त्याला हसताना टिपायचं. तो शॉट कुठे वापरत नाहीत. पण तो घेतल्याशिवाय कोणी पॅकअप म्हणत नाही. नाहीतर हार लागतो म्हणतात.

काका उठून फोटोखाली उभे राहिले. कॅमेरा चालू झाला. ते हसले नाहीत.

कोणीतरी म्हणालं, काका, नुसते दात दाखवा. काका म्हणाले, दात दाखवायला मी घोडा नव्हे, हसू आलं की हसेन. सगळे हसले. ते सोडून.

मग सर पुढे आले. “सात,” ते म्हणाले. काही झालं नाही. “एकोणीस.” काका त्यांच्याकडे बघत राहिले. दोघांत हा जुना खेळ होता. नुसता नंबर म्हणायचा आणि दोघांनी फुटायचं. “एकतीस, भालू,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. महाराष्ट्राला हसवणारा माणूस भर दुपारी चाळीस जणांसमोर एका म्हाताऱ्याला हसवू शकत नव्हता. लाइटचे लोक घड्याळ बघायला लागले.

सर वळले. “रसाळबाई, तुम्ही बघा.”

मला नाही म्हणता आलं नाही. मी फोटोखाली काकांपाशी गेले. दोन दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आत, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी त्यांच्या कानाशी जाऊन, मी म्हटलं, “काका, मी गावाचाच सीन दिला होता. सरांनी ऐकलं नाही. माझ्या हातात काही नव्हतं.”

काकांच्या खांद्यांना आधी काहीतरी झालं. मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला. ते हसत होते. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, फाटक्या आवाजात, तीनशे भागांत कधी ऐकलं नव्हतं असं. त्यांना बघून सेटवरचे सगळे हसायला लागले. कॅमेरामन हसत होता, सुनेचं काम करणारी मुलगी रडून झालेल्या डोळ्यांनी हसत होती. नेमकं कशाला हसायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्याने काही अडलं नाही.

“ओके,” कॅमेरामन म्हणाला. “फर्स्ट क्लास.”

काकांनी डोळे पुसले. मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद अर्धा बाहेर काढला, माझ्यापुरता. माझं अक्षर मी ओळखलं. समासात सरांचे लाल ह होते.

“मोऱ्याने सकाळी आणून दिला,” ते म्हणाले. “टोपलीतून काढून. चांगला लिहिलायस, बाय. चप्पल चावते ते तर फारच.”

त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि मिशी उतरवायला गेले. सर कुठे बघत होते ते मी पाहिलं नाही.

सिराजभाई शिडीवर चढून फोटोवरचा हार काढायला लागले. मी त्यांना सांगितलं, राहू द्या. सोमवारी नवं बिऱ्हाड यायचं होतं आणि पहिल्याच सीनला तो फोटो भिंतीवर लागणार होता, हारासकट. सीन मीच लिहिलेला होता.